आभाळ वाचायला शिका: स्वतः हवामानाचा अंदाज बांधण्याची सविस्तर पद्धत

मोबाईलवर उद्याचं हवामान क्षणात दिसतं. ढगाचं चित्र, खाली दोन-चार थेंब आणि शेजारी ४० टक्के. तो आकडा कुठून आला हे माहीत असेल तर त्यातून बरंच काही काढता येतं. माहीत नसेल तर छत्री घ्यावी की नाही, एवढाच प्रश्न उरतो. इथे सांगितलेल्या पद्धतीचा गाभा असा: आधी स्वतः निरीक्षण करायचं, त्यावरून आपला अंदाज कागदावर उतरवायचा, मगच ॲप उघडायचं आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही अंदाज ताडून बघायचे. हा क्रम मोडू नका. ॲपचा आकडा एकदा डोळ्यांपुढे आला की आभाळातही तेच दिसायला लागतं.

पहिली पायरी: मोजमाप नीट करा

महागडं वेदर स्टेशन लागत नाही. एक तापमापक, एक आर्द्रतामापक, वायुदाब दाखवणारं काहीतरी आणि पाऊस मोजायला एक भांडं एवढ्यावर काम भागतं. मात्र तापमापक कुठे टांगलाय यावर सगळं अवलंबून आहे. उन्हात ठेवलेला तापमापक हवेचं तापमान सांगत नाही, स्वतः किती तापलाय ते सांगतो. हवामान केंद्रांमध्ये तो जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवतात, म्हणजे सावलीही मिळते आणि हवाही खेळती राहते. घरी पेटी नसेल तर दिवसभर सावली असणारी, वारा लागणारी आणि भिंतीपासून थोडी दूर असलेली जागा शोधा. दिवसभर तापलेली भिंत संध्याकाळी उष्णता सोडत राहते आणि आकडा दोन-तीन अंशांनी सहज फुगतो.

पावसाच्या भांड्याच्या भिंती सरळ उभ्या हव्यात, तोंड आणि तळ सारखाच रुंद. मग साचलेल्या पाण्याची उंची पट्टीने मोजली की झालं. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर १ लिटर पाणी. भांडं झाडाखाली किंवा पागोळ्यांच्या जवळ नको.

दुसरी पायरी: वायुदाब कुठे चाललाय ते बघा

टॉरिचेलीने १६४३ साली पाऱ्याच्या नळीतून वायुदाब दाखवून दिला, तेव्हापासून अंदाज बांधणाऱ्याच्या हाती याहून उपयोगी साधन फारसं आलेलं नाही. समुद्रसपाटीचा सरासरी दाब १०१३.२५ हेक्टापास्कल (दाब मोजायचं एकक) मानतात. पण नुसत्या १००८ किंवा १०१५ या आकड्याचा अर्थ लावत बसू नका. दाब चढतोय की उतरतोय, आणि किती वेगाने, हे बघा.

आजकाल बऱ्याच मोबाईलमध्ये वायुदाबाचा सेन्सर असतो. तो वापरताना एक गोष्ट लक्षात ठेवा: जमिनीजवळ दर ८ मीटर उंचीला दाब साधारण १ हेक्टापास्कलने कमी होतो. मोबाईल घेऊन तुम्ही तीन मजले चढलात तर हवामानात काहीही बदललेलं नसताना आकडा १ हेक्टापास्कलच्या आसपास खाली येईल. म्हणून नोंद नेहमी एकाच जागी घ्या. ॲपमध्ये दिसणारा दाब बहुधा समुद्रसपाटीला नेऊन सांगितलेला असतो, सेन्सरचा दाब तुमच्या उंचीवरचा असतो. त्या दोघांची तुलना करू नका.

दुसरा सापळा उष्णकटिबंधात राहणाऱ्यांसाठी आहे आणि त्यात नवशिके हमखास सापडतात. तिथे दाबाला रोजची भरती-ओहोटी असते. सकाळी १० आणि रात्री १० च्या सुमारास तो चढलेला असतो, पहाटे ४ आणि दुपारी ४ च्या सुमारास उतरलेला. सकाळ ते दुपार हा उतार ३ ते ४ हेक्टापास्कलपर्यंत जाऊ शकतो आणि त्याचा पावसाशी काहीही संबंध नसतो. म्हणून तिथे आजच्या सकाळी ९ च्या आकड्याची तुलना कालच्या सकाळी ९ च्या आकड्याशी करायची. २४ तासांत दाब २-३ हेक्टापास्कलने उतरला असेल तर जवळपास कमी दाबाचं क्षेत्र तयार होत असल्याची शंका घ्यायला जागा आहे. विषुववृत्तापासून दूर, समशीतोष्ण पट्ट्यात ही रोजची लय अगदी क्षीण असते, त्यामुळे तिथे ३ तासांतला बदल थेट वाचता येतो. तेवढ्या वेळात ३-४ हेक्टापास्कलहून जास्त उतार म्हणजे जोराचा वारा येऊ घातलाय.

तिसरी पायरी: हवेत बाष्प किती आहे

सापेक्ष आर्द्रतेचा आकडा सगळे सांगतात आणि तो सगळ्यात जास्त फसवतो. समजा सकाळी तापमान २६ अंश आणि आर्द्रता ८९ टक्के आहे. दुपारी तापमान ३२ आणि आर्द्रता ६३ टक्के. हवा कोरडी झाली असं वाटेल. प्रत्यक्षात बाष्प तेवढंच आहे. हवा तापली, तिची बाष्प धरण्याची क्षमता वाढली आणि टक्केवारी खाली आली, एवढंच. हवेतलं खरं बाष्प सांगणारा आकडा म्हणजे दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानापर्यंत हवा गार केली की दव पडायला लागेल ते तापमान. वरच्या उदाहरणात तो सकाळी आणि दुपारी दोन्ही वेळा २४ अंशांच्या आसपास आहे.

दवबिंदू काढायचा सोपा हिशेब असा: १०० मधून आर्द्रता वजा करा, ५ ने भागा आणि येईल तो आकडा तापमानातून वजा करा. आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असेल तर हे पुरेसं अचूक येतं. सकाळच्या आकड्यांवर करून बघा: १०० वजा ८९ म्हणजे ११, भागिले ५ म्हणजे २.२, आणि २६ मधून २.२ गेले की २३.८.

दवबिंदू कळला की ढगांचा तळ किती उंचीवर असेल हेही सांगता येतं. तापमान आणि दवबिंदू यांतल्या फरकाला १२५ ने गुणा, उत्तर मीटरमध्ये येतं. ३२ आणि २४ मध्ये ८ अंशांचा फरक, म्हणजे दुपारच्या ढगांचा तळ साधारण १००० मीटरवर. वर चढणारी हवा दर किलोमीटरला जवळजवळ १० अंशांनी गार होते आणि चढताना तिचा दवबिंदूही थोडा घसरतो, त्यातून हा हिशेब निघतो. उन्हाने तापून वर चढलेल्या हवेच्या ढगांनाच तो लागू पडतो, सगळीकडे पसरलेल्या मळभाला नाही.

दिवसभरात दवबिंदू चढत गेला तर बाहेरून दमट हवा येतेय. वारा फिरल्याबरोबर तो पाच-सात अंशांनी कोसळला तर हवाच बदलली, आणि त्या दिवशी गडगडाटाची शक्यता बरीच कमी झाली.

चौथी पायरी: वारा दोन पातळ्यांवर बघा

वारा ज्या दिशेकडून येतो ती त्याची दिशा. पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेकडून येणारा. वेग मोजायला यंत्र नसेल तर झाडं बघा. १८०५ मध्ये ब्यूफर्ट यांनी वाऱ्याचं बळ सांगायला जी मापश्रेणी तयार केली तिचं जमिनीवरचं रूप आजही कामाचं आहे. पानं सळसळतात आणि चेहऱ्याला झुळूक जाणवते ते बळ २. धूळ आणि कागदाचे कपटे उडायला लागले, बारीक फांद्या हलायला लागल्या की बळ ४, म्हणजे ताशी २० ते २८ किलोमीटर. मोठ्या फांद्या हलतात आणि छत्री सांभाळणं कठीण जातं ते बळ ६, ताशी ३९ ते ४९ किलोमीटर.

आता कमी दाब कुठे आहे ते शोधा. बाइस बॅलट या डच शास्त्रज्ञाने १८५७ मध्ये मांडलेला नियम सांगतो की उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं तर कमी दाब डाव्या हाताला असतो. जमिनीच्या घर्षणामुळे तो प्रत्यक्षात डावीकडे आणि थोडा पुढे असतो. दक्षिण गोलार्धात उजवीकडे. विषुववृत्ताच्या अगदी जवळ हा नियम चालत नाही. समुद्रकिनाऱ्यावरचे आणि डोंगरदऱ्यांमधले स्थानिक वारेही त्याला जुमानत नाहीत, कारण ते दिवसाच्या तापण्या-निवण्यावर चालतात.

समशीतोष्ण पट्ट्यात यापुढची एक युक्ती आहे आणि ती मला फार आवडते. खालच्या वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा आणि सगळ्यात उंचावरचे तंतूसारखे ढग कुठून येताहेत ते बघा. उत्तर गोलार्धात ते डावीकडून येत असतील तर हवामान बिघडणार, उजवीकडून येत असतील तर सुधारणार. वारा आणि ढग एकाच रेषेत असतील तर लगेच मोठा बदल नाही. दक्षिण गोलार्धात डावं-उजवं उलटं करायचं.

पाचवी पायरी: ढगांचा क्रम वाचा

ल्यूक हॉवर्ड यांनी १८०२ मध्ये ढगांना लॅटिन नावं दिली आणि तीच आजही चालतात. सिरस म्हणजे तंतू, क्युम्युलस म्हणजे रास, स्ट्रॅटस म्हणजे थर, निंबस म्हणजे पावसाचा. उंचावरच्या ढगांना सिरो आणि मधल्यांना आल्टो हे उपसर्ग लागतात. एवढं कळलं की दहाही मुख्य प्रकारांची नावं आपोआप उलगडतात. पण नुसतं नाव ओळखून थांबू नका. कोणत्या ढगानंतर कोणता आला, यात अंदाज दडलेला असतो.

पहिला क्रम थरांचा. निळ्या आभाळात आधी सिरसचे पांढरे तंतू येतात. ते वाढत जाऊन त्यांचा पातळ पडदा होतो, तो सिरोस्ट्रॅटस. त्यातल्या बर्फकणांमुळे सूर्याला किंवा चंद्राला २२ अंशांचं मोठं खळं पडतं. हात पूर्ण लांबवून बोटं फाकवली तर अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत जेवढं अंतर दिसतं, साधारण तेवढी त्या खळ्याची त्रिज्या. चंद्राला चिकटून दिसणारं लहानसं रंगीत वलय वेगळं. ते बहुधा पाण्याच्या थेंबांच्या ढगातून दिसतं आणि त्यावरून पावसाचं काही सांगता येत नाही. मोठ्या खळ्यानंतर पडदा जाड होत गेला, सूर्याचा नुसता पुसट ठिपका उरला आणि सावल्या पडेनाशा झाल्या की तो आल्टोस्ट्रॅटस. त्याच वेळी दाबही उतरत असेल तर पाऊस काही तासांवर आला. मग करड्या निंबोस्ट्रॅटसमधून संथ, लांबलेली रिपरिप सुरू होते. खळ्यापासून पावसापर्यंतचा हा प्रवास बऱ्याचदा १२ ते २४ तासांचा असतो. मात्र उष्णकटिबंधात उंचावरचे तंतू हे अनेकदा आदल्या दिवशीच्या गडगडाटी ढगांचे विरलेले माथे असतात. तिथे नुसत्या खळ्यावर विसंबू नये.

दुसरा क्रम उभ्या वाढीचा. उकाड्याच्या दिवशी सकाळी लहान, सपाट तळाचे क्युम्युलस दिसतात. ते रुंदीपेक्षा उंचीने कमी राहिले तर दिवस कोरडा जाईल. दुपार व्हायच्या आतच ते रुंदीपेक्षा उंच व्हायला लागले तर सावध व्हा. भल्या सकाळीच मधल्या उंचीवर, एका तळावर ओळीने बुरूज उभे असावेत असे ढग दिसले तर वरच्या हवेत अस्थिरता आहे, म्हणजे दुपारी गडगडाटाची शक्यता चांगलीच.

वाढणाऱ्या एकाच ढगाच्या माथ्याकडे दहा मिनिटं नजर लावून बसा. माथ्याच्या कडा फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या ठसठशीत आहेत तोवर आत पाण्याचे थेंब आहेत आणि ढग अजून चढतोय. कडा विसविशीत होऊन तंतुमय दिसायला लागल्या की माथ्यावर बर्फ तयार झालाय, तो आता क्युम्युलोनिंबस आहे. आणखी वर स्थिर थराशी टेकला की माथा ऐरणीसारखा आडवा पसरतो. ढगाखाली पावसाचा करडा पडदा दिसतो, पाठोपाठ गार वाऱ्याचा झोत येतो, तापमान काही मिनिटांत कित्येक अंशांनी घसरतं आणि दाब एकदम किंचित उसळी घेतो. हा झोत म्हणजे ढगातून पावसाबरोबर खाली कोसळलेली गार हवा. तो लागला की पुढची सर बहुधा मिनिटांच्या अंतरावर असते.

वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि ३ ने भागा, विजेचं अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. ३० सेकंद किंवा कमी आले तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे. पक्क्या इमारतीत किंवा धातूच्या छपराच्या बंद गाडीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं तिथेच थांबा. झाडाचा आडोसा घेऊ नका.

लाल आभाळाबद्दलचे ठोकताळे सगळीकडे लागू होत नाहीत. संध्याकाळी पश्चिमेला लाली म्हणजे त्या बाजूचं आभाळ मोकळं. ज्या भागात हवामान पश्चिमेकडून येतं तिथे हे शुभचिन्ह खरं. जिथे पावसाळी प्रणाली पूर्वेकडून सरकतात तिथे याचा अर्थ फक्त संकट निघून गेलं एवढाच, मागून दुसरं येतंय का ते पूर्वेकडे बघूनच कळेल.

सहावी पायरी: रात्रीचा अंदाज

हा सर्वात सोपा असल्याने सुरुवात याच्यापासून करा. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर जमीन आपली उष्णता झपाट्याने बाहेर टाकते आणि तापमान संध्याकाळच्या दवबिंदूच्या आसपास येऊन थबकतं, कारण दव पडायला लागलं की बाष्पाचं पाणी होताना बाहेर पडणारी सुप्त उष्णता पुढची घसरण रोखते. म्हणजे संध्याकाळचा दवबिंदू १४ असेल तर पहाटेचं किमान तापमान १४ च्या जवळपास लिहा. हवा फार कोरडी असेल तर मात्र तापमान तिथपर्यंत पोहोचायच्या आतच सकाळ होते. ढगाळ रात्री ते फारसं उतरत नाही.

संध्याकाळीच तापमान आणि दवबिंदू यांत २-३ अंशांचाच फरक असेल, जमीन ओली असेल आणि वारा नावापुरता असेल तर पहाटे धुकं लिहा. सखल भागात ते आधी धरतं. थंडीत पिकांची काळजी असेल तर हे लक्षात घ्या की निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा तापमापकाच्या उंचीवरल्या हवेपेक्षा काही अंशांनी गार असते. तापमापक ३ अंश दाखवत असताना पानांवर हिमकण जमू शकतात.

सातवी पायरी: रडार आणि उपग्रहाची चित्रं

पुढच्या एक-दोन तासांसाठी रडारच्या चित्राला तोड नाही. अर्ध्या तासाच्या अंतराने दोन चित्रं बघा. समजा ४ वाजता पावसाची कड तुमच्यापासून ४० किलोमीटरवर होती आणि साडेचारला २५ वर. अर्ध्या तासात १५ किलोमीटर, म्हणजे ताशी ३०. उरलेले २५ किलोमीटर यायला ५० मिनिटं, म्हणून पाऊस ५ वाजून २० मिनिटांच्या सुमारास. गडगडाटी ढग वाटेत विरतात आणि शेजारी नवे उगवतात, त्यामुळे दर पंधरा मिनिटांनी हिशेब पुन्हा करा. रडारचा झोत सरळ जातो आणि पृथ्वी वळत जाते, त्यामुळे १०० किलोमीटरवर तो सहज दीड किलोमीटर उंचीवर असतो. तिथे दिसणारा पाऊस जमिनीला लागण्याआधी आटत असेल किंवा खालचा पाऊस झोताखालून निसटत असेल.

उपग्रहाच्या इन्फ्रारेड, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या चित्रात पांढरंशुभ्र म्हणजे थंड, म्हणजेच उंच माथा. त्याचा अर्थ पाऊस असा लगेच घेऊ नका. पातळ सिरसही तसाच चमकतो. उलट रात्रीचं धुकं जमिनीइतकंच उबदार असल्याने त्यात जवळपास दिसत नाही.

आठवी पायरी: आता ॲप उघडा

ॲपच्या अंदाजामागे संगणकावरचं गणिती मॉडेल असतं. लुईस फ्राय रिचर्डसन यांनी हे गणित हाताने करून १९२२ मध्ये छापलं. सहा तासांत दाब १४५ हेक्टापास्कलने चढेल असं त्यांचं उत्तर आलं आणि ते सपशेल चुकलं, तरी रीत बरोबर होती. १९५० मध्ये एनियाक संगणकावर ती पहिल्यांदा यशस्वी झाली. पुढे १९६१ मध्ये एडवर्ड लॉरेन्झ यांनी एका मॉडेलमध्ये ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ भरलं आणि काही काळाने संपूर्ण वेगळं हवामान बाहेर आलं. सुरुवातीच्या मोजमापातली किंचित तफावत पुढे फुगत जाते, म्हणूनच १५ दिवसांनंतरच्या एखाद्या ठरावीक दिवसाचा पाऊस सांगणाऱ्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही आणि तुम्हीही ठेवू नका.

यावरचा उपाय म्हणून १९९२ पासून मोठी केंद्रं एकच मॉडेल किंचित वेगवेगळ्या सुरुवातींनी अनेकदा चालवतात. समजा ५० पैकी २० वेळा पाऊस आला, तर शक्यता ४० टक्के. शहराच्या ४० टक्के भागात पाऊस किंवा दिवसाचा ४० टक्के वेळ पाऊस, असा याचा अर्थ नाही. असा अंदाज दहा वेळा दिला तर साधारण चार वेळा पाऊस पडावा, एवढंच त्याचं म्हणणं. जोर किती हे त्यात नसतं, ते मिलिमीटरच्या आकड्यात शोधा. एकाच दिवसाचा अंदाज दोन-तीन दिवस लागोपाठ बघा. तो स्थिर राहिला तर भरवसा ठेवा, रोज उड्या मारत असेल तर बेत राखून ठेवा. जागतिक मॉडेल पृथ्वीचे ज्या चौकटींत तुकडे करून हिशेब करतं त्या कित्येक किलोमीटर रुंद असतात, म्हणून एकट्यादुकट्या गडगडाटी ढगाबाबत तुमचे डोळे आणि रडार त्याहून वरचढ ठरतात.

नववी पायरी: वही आणि गुण

रोज ठरलेल्या वेळी लिहा: तापमान, दवबिंदू, दाब आणि त्याचा २४ तासांतला बदल, वारा, ढग. खाली उद्याचा अंदाज आकड्यांत लिहा. "पाऊस येईल बहुतेक" याची परीक्षा घेता येत नाही, "पावसाची शक्यता ७० टक्के" याची घेता येते.

गुण देण्याची रीत ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये मांडली. पाऊस पडला तर १, नाही पडला तर ०. तुमची शक्यता आणि हा आकडा यांतल्या फरकाचा वर्ग करा. ७० टक्के लिहिलं आणि पाऊस पडला तर ०.३ चा वर्ग, ०.०९. नाही पडला तर ०.७ चा वर्ग, ०.४९. सरासरी जितकी कमी तितकं चांगलं. रोज डोळे झाकून ५० टक्के लिहिणाऱ्याला ०.२५ मिळतात, तेव्हा आधी त्याच्या खाली या. मग "उद्या आजच्यासारखंच" या अंदाजाला हरवून दाखवा. हवामान स्थिर असलेल्या ऋतूत त्याला हरवणं वाटतं त्यापेक्षा खूप कठीण आहे. त्यानंतर ॲपशी स्पर्धा करा. तुम्ही कुठे चुकताय हेही वहीत दिसेल: बहुतेक नवशिके पावसाची शक्यता फुगवून लिहितात, किंवा ठरावीक दिशेचा वारा असताना हमखास चकतात.

इशारा आला असेल तेव्हा

अधिकृत हवामान विभागाने चक्रीवादळाचा, अतिवृष्टीचा किंवा पुराचा इशारा दिला असेल तर आपला अंदाज वहीत राहू द्या आणि सूचना पाळा. वरच्या खोऱ्यात पडलेल्या पावसाचा पूर तुमच्या डोक्यावरच्या निरभ्र आभाळातून दिसत नाही. चक्रीवादळात वारा एकाएकी थांबला आणि दाब अजून तळाशीच असेल तर तो वादळाचा डोळा आहे. घराबाहेर पडू नका, थोड्याच वेळात तेवढाच जोरदार वारा उलट दिशेने येतो. रस्त्यावरून वाहतं पाणी १५ सेंटीमीटर असलं तरी माणसाचे पाय उचलू शकतं, ३० सेंटीमीटरमध्ये लहान गाडी तरंगायला लागते आणि ६० सेंटीमीटरमध्ये बहुतेक गाड्या वाहून जातात. तिथे गाडी घालू नका, मागे वळा.